सोमवारची मोकळी सकाळ

बुधवार, १ मार्च

ओरेस्तेने आज जेवताना, चीजचा तुकडा कापता कापता, सहलीची कल्पना मांडली. 'मांडली' हे क्रियापद मी जाणीवपूर्वक वापरते आहे. गेली तीस वर्षे या घरात सहलीची कल्पना मांडणे, तिचा आराखडा करणे आणि ती निभावून नेणे ही तिन्ही कामे माझ्याकडे आहेत. ओरेस्तेकडे बॅगा उचलण्याचे काम आहे, आणि ते तो समाधानकारक करतो.

पंचवीस एप्रिलची, मुक्तिदिनाची राष्ट्रीय सुट्टी यंदा मंगळवारी येते. मधल्या सोमवारवर पूल टाकला की शनिवारपासून सलग चार दिवस मोकळे होतात, आणि मग अर्धे तोरिनो त्या पुलावरून समुद्राकडे धावत सुटते. नोकरी करणाऱ्यांचे मी समजू शकते. आम्ही दोघेही निवृत्त आहोत. आम्हाला समुद्र पाहायचा असेल तर कोणत्याही निवांत बुधवारी पाहता येईल. मग हेच चार दिवस कशाला, हे मी विचारले. तो म्हणाला, "सगळे जातात तेव्हा जाऊन पाहू एकदा." सगळे जे करतात ते ओरेस्तेने आजवर कधी केलेले नाही. तोरिनोत राहून तो फुटबॉलसुद्धा पाहत नाही.

गावही त्यानेच सुचवले. कालानेरा. तिथे फोकाच्चा, तेलात भिजवलेला तो चपटा पाव, चांगला मिळतो म्हणे. लिगुरियाच्या किनाऱ्यावर ज्या गावात फोकाच्चा चांगला मिळत नाही असे एक गाव मला दाखवा.

नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिते. ओरेस्ते तरुणपणी कालानेऱ्याच्या गोदीत जहाजांचे नकाशे काढायचा, आणि त्याची पहिली बायको नीवेस तिथेच वारली, आमची ओळख होण्याच्या पाच वर्षे आधी. मी बिजवराशी लग्न केले हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तिच्याविषयी मी एकही प्रश्न कधी विचारला नाही. याला मी सभ्यता समजते. मृतांशी माझे भांडण नाही. परंतु ज्या गावाचे नाव या माणसाने तीस वर्षांत उच्चारले नाही, तिथे त्याला आता अचानक कोण बोलावते आहे? मेलेली माणसे बोलावत नाहीत.

रविवार, ५ मार्च

आराखडा तयार झाला. शनिवारी दुपारी पोहोचणे, संध्याकाळी बंदर. रविवारी टेकडीवरचे चर्च, जिथल्या वेदीमागच्या चित्राची तारीख सगळ्या मार्गदर्शिकांत चुकीची छापलेली आहे. सोमवारी सकाळी होडीने जुना मठ. मंगळवारी परत. जाणे-येणे रेल्वेने, जाताना डावीकडच्या खिडकीशी आणि येताना उजवीकडच्या, म्हणजे समुद्र दिसत राहतो.

ओरेस्तेने तो कागद वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. माझ्या ग्रीकच्या वर्गात जो विद्यार्थी असे करायचा त्याचा गृहपाठ झालेला नसे. शेवटी म्हणाला की सोमवारची सकाळ मोकळी ठेवता आली तर बरे होईल. कशासाठी, असे विचारल्यावर म्हणाला, "काही नाही. जरा पाय मोकळे करीन." वर्तमानपत्र आणायला एका थांब्यापुरती ट्राम पकडणारा हा गृहस्थ.

आणि रेल्वेऐवजी गाडीने जावे, असेही त्याचे मत आहे. ओरेस्तेला एका आठवड्यात तीन मते झाली. कुठेतरी पाणी मुरते आहे.

रविवार, १२ मार्च

जेर्माना जेवायला आली होती. ती माझी मावसबहीण. घटस्फोटित आहे आणि पुरुषजातीविषयीची आपली मते ती विनामूल्य वाटत असते. ओरेस्ते कॉफी करायला आत गेल्यावर मी तिला, केवळ एक निरीक्षण म्हणून, सहलीची हकिकत सांगितली.

"सहल त्याने सुचवली?" तिने खुर्ची पुढे ओढली. "माझ्या नवऱ्याने पण एकदा सुचवली होती. येताना मी एकटीच आले."

मी म्हटले की ओरेस्ते एकाहत्तर वर्षांचा आहे.

"मग घाई असणारच त्याला."

ओरेस्ते ट्रे घेऊन आला आणि आम्ही दोघी गप्प का झालो असे त्याने विचारले नाही. निष्पाप माणसाने विचारले असते.

ट्रेबरोबरच मला आणखी एक गोष्ट दिसली. त्याच्या खिशातून मोजपट्टीचे पिवळे टोक बाहेर डोकावत होते. जेर्माना गेल्यावर मी खिडकीतून पाहिले, तर खाली रस्त्यावर तो गाडीची डिकी उघडून तिच्यात मोजमाप घेत उभा. लांबी, रुंदी, मग उंचीही. वर आल्यावर मी विचारले. म्हणाला, सामान मावते का पाहत होतो. चार दिवसांच्या सामानाला आमची एक बॅग पुरते, आणि ती त्या डिकीत गेली बारा वर्षे मावते आहे. मोठे सामान न्यायचे ते ज्याला परत यायचे नसते त्याने.

रविवार, १९ मार्च

बाहेर गारठा असूनही ओरेस्ते आज गळपट्टा न गुंडाळता बाल्कनीत जाऊन फोनवर बोलत होता. ज्या माणसाला वाऱ्याच्या झुळकेने मान धरण्याची जन्मभर धास्ती आहे, तो उघड्या गळ्याने वीस मिनिटे उभा राहतो, तेव्हा पलीकडे कुणीतरी खासच असले पाहिजे.

मी चोरून ऐकत नव्हते. बाल्कनीतल्या जिरॅनियमना पाणी घालायची वेळ झाली होती. पलीकडचा आवाज बाईचा, मोठा, लिगुरियन हेलाचा होता. ओरेस्ते म्हणत होता, "सोमवारी नऊला मी येतो... नाही, तिला अजून माहीत नाही... सांगेन. तिथेच सांगेन, समुद्रावर." मग बराच वेळ ऐकून घेतल्यावर, मी त्याच्या तोंडून कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात: "तुलाही जड जाणार आहे, मला कळतंय."

मी पाणी घातले. जिरॅनियमना इतके पाणी सोसत नाही.

तो आत आल्यावर मी हवामानाचा विषय काढला. थेट विचारणे मला सहज शक्य होते. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला अपमानित करू शकते तो प्रश्न विचारण्याआधी पुरावा हाती असावा, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आले आहे. काळा सूट त्याने धुलाईला दिला आहे. समुद्रावर जाण्यासाठी.

मंगळवार, २८ मार्च

महिन्यातून एकदा मी स्मशानभूमीत बाबांना फुले वाहायला जाते. आमच्या बेरसेझ्यो घराण्याचे दफनघर बाबांनी बांधून घेतले: करडा दगड, दोन्ही बाजूंना शवपेट्यांसाठी समान कोनाडे, कुठेही नक्षीचा अतिरेक नाही. शहरात यापेक्षा श्रीमंत दफनघरे बरीच आहेत. यापेक्षा प्रमाणबद्ध एकही नाही. खालच्या ओळीत दोन कोनाडे रिकामे आहेत. एक माझा आणि त्याशेजारचा ओरेस्तेचा. हा शेजार मी स्वतः ठरवला आहे.

दाराशी फुले विकणारी बाई मला म्हणाली, "काल साहेब आले होते. गवंड्याला घेऊन. सगळं मोजून गेले. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

मी होकार दिला आणि आत जाऊन बसले. ओरेस्ते आपला कोनाडा मोजून गेला होता. काळा सूट, मोकळी सकाळ, समुद्रावर सांगायची गोष्ट, तिलाही जड जाणार आहे. ती बाई परिचारिका असेल, किंवा डॉक्टर. माझ्या हातून कुंडीतले पाणी बाबांच्या नावावर सांडले आणि ते पुसायचेही राहिले.

संध्याकाळी मी त्याच्यासाठी कोंबडीचे सूप केले. सणवार नसताना सूप कशाला, असे त्याने विचारले. मी म्हटले, कोंबडी होती.

शुक्रवार, ३१ मार्च

आमच्या डॉक्टरांकडे जाऊन ओरेस्तेच्या प्रकृतीविषयी मी त्यांची सविस्तर तोंडी घेतली. गोपनीयतेचे तुणतुणे त्यांनी थोडा वेळ वाजवले. पण ते माझे विद्यार्थी होते आणि ग्रीकमध्ये कच्चे होते, म्हणून फार टिकले नाहीत. ओरेस्तेचे हृदय चाळिशीतल्या माणसाचे आहे. रक्तदाब माझा जास्त आहे.

म्हणजे बाईच आहे. दोन दिवस विनाकारण सूप केले.

सोमवार, १० एप्रिल

ईस्टरनंतरच्या सोमवारी आम्ही जेर्मानाच्या बागेत जेवतो. आज तिने कोकराचे मांस ताटात वाढले, चमचा खाली ठेवला आणि म्हणाली:

"ओरेस्ते, ती बाई कोण ते सांगून टाक. क्लेलिया महिनाभर झोपलेली नाही. ती झोपली नाही की फोन मला येतात."

मला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. ओरेस्तेने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. आधी नुसते आश्चर्य होते, आणि मग, हे मी कधीही माफ करणार नाही, किंचित हसू.

"योलांदा," तो म्हणाला. "नीवेसची बहीण. पंच्याहत्तर वर्षांची आहे. बेकरी चालवते."

मग त्याने सांगितले. नीवेसला कालानेऱ्याच्या स्मशानभूमीत भिंतीतल्या कोनाड्यात ठेवले होते. त्या कोनाड्याची पस्तीस वर्षांची मुदत संपली आहे आणि चोवीस एप्रिलला तो उघडणार आहेत. अस्थी गोळा करून जस्ताच्या लहान पेटीत घालतात. नातेवाइकांनी ती कुठे ठेवायची ते सांगायचे. कुणी सांगितले नाही तर सगळे सामाईक अस्थिकूपात जाते. या देशात प्रत्येक घरावर कधी ना कधी हे काम येते. बाबांच्या आईवडिलांच्या वेळी मी स्वतः ते केले आहे, आणि व्यवस्थित केले आहे. तरीही या महिन्याभरात ते माझ्या मनात आले नाही.

"तुला काय हवं आहे?" मी विचारले.

"तिला इथे आणायचं आहे. आपल्यात." मग हळूच: "माझ्या पायाशी मावते ती. मी मोजून पाहिलं."

जेर्मानाने न विचारता ओरेस्तेला आणखी मांस वाढले. हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

मला आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, "तुला काही विचारायचं म्हणजे तोंडी परीक्षेला बसायचं. तयारी चालली होती माझी. तू जेवल्यावर समुद्र बघताना जरा मवाळ असतेस, तेव्हा विचारणार होतो."

मी कधीही मवाळ नसते. विचार करून कळवते, असे मी त्याला सांगितले.

मंगळवार, ११ एप्रिल

निर्णय तर्काने घ्यायचा आहे, म्हणून हरकती लिहून काढते. दफनघर बेरसेझ्यो घराण्याचे आहे आणि नीवेस बेरसेझ्यो नव्हती. अर्थात ओरेस्तेही नाही. पण तो माझ्याद्वारे आहे. दुसरे, रचनेची समतोलता. दोन कोनाडे, दोन माणसे. तिसरे, तिला स्वतःची बहीण आहे, गाव आहे, समुद्र आहे. तोरिनोत तिचे कोण आहे?

मत्सराचा संबंध नाही. पस्तीस वर्षांपूर्वी वारलेल्या मुलीचा मत्सर करण्याचे मला कारण नाही. ती एकोणतीस वर्षांची होती. अजूनही आहे. आरशासमोर केस विंचरताना हे मला थोडे अन्यायाचे वाटले, इतकेच.

शनिवार, १५ एप्रिल

ही कल्पना ओरेस्तेची असूच शकत नाही. ती योलांदाची आहे. बहिणीची जबाबदारी झटकायची आहे. इतक्या वर्षांनी भाबडा मेहुणा आठवला, त्याला मऊ आवाजात पटवले आणि पेटी आमच्या गळ्यात बांधली. 'तुलाही जड जाणार आहे' म्हणे. पीठ मळणाऱ्या बायका माणसेही मळतात.

मी कालानेऱ्याला जाणार आहे. तिला तोंडावर, सभ्य आणि निर्दोष वाक्यांत नकार देणार आहे. वाक्ये तयार आहेत. पहिल्या वाक्यात सहानुभूती, दुसऱ्यात कायदा, तिसऱ्यात पूर्णविराम.

शनिवार, २२ एप्रिल

गाडीने आलो. सव्होनापर्यंत रांगच रांग. समुद्र डावीकडे दिसायला हवा होता, दिसल्या फक्त दुसऱ्यांच्या गाड्या आणि त्यांवर बांधलेल्या सायकली. पाणी अजून थंड असल्याने हॉटेलवाल्यांनी छत्र्यांच्या ओळी अर्ध्याच लावल्या आहेत. खोली बंदरावर उघडते असे छापले होते. ती उघडते मासळीच्या पेट्यांवर.

योलांदा बेकरीच्या दारात उभी होती. रुंद बाई, कोपरापर्यंत पीठ. ओरेस्तेला तिने मिठी मारली तेव्हा त्याच्या काळ्या कोटावर तिच्या दोन्ही हातांचे ठसे उमटले. मग तिने मला न्याहाळले.

"तुम्हीच बाई होय. मला वाटलं होतं उंच असाल."

मी म्हटले, पुष्कळांना वाटते.

"फोनवर हा बोलतो तेव्हा उंच वाटता."

फोकाच्चा चांगला होता. तेल जरा जास्त. योलांदाने पैसे घेतले नाहीत, म्हणजे आम्हाला उपकारात ठेवायचे आहे. ओरेस्ते मात्र पहिला घास घेऊन डोळे मिटून थांबला, आणि तो घास कुठल्या वर्षाचा आहे हे मला कळले नाही. तयार केलेली वाक्ये उद्यावर ठेवली.

रविवार, २३ एप्रिल

टेकडीवरचे चर्च बंद होते. डागडुजी चालू आहे. चुकीच्या तारखेचा मुद्दा तसाच राहिला.

खालच्या चर्चमधल्या प्रार्थनेनंतर योलांदाने मला बेकरीच्या मागच्या खोलीत नेले. ओरेस्ते बंदरावर जुन्या गोदीतल्या माणसांना शोधायला गेला होता. मी पहिले वाक्य सुरू करणार, तेवढ्यात तीच म्हणाली:

"बाई, तुम्ही त्याला नाही म्हणा."

माझा चेहरा काय झाला असेल ते मला माहीत नाही. ती पिठाच्या पोत्यावर बसली आणि बोलत राहिली. दर रविवारी ती वर स्मशानात जाते. आठवड्याची सगळी भांडणे बहिणीला सांगते: कोणी उधारी ठेवली, पाद्री काय बोलला, सून काय म्हणाली. नीवेस धाकटी बहीण, लहानपणी हिचे सगळे ऐकून घ्यायची, म्हणे, आणि मग नेमकी दुसऱ्याची बाजू घ्यायची.

"तोरिनोला कोण बोलणार तिच्याशी? तुम्ही?"

मी विचारले, मग तिनेच ओरेस्तेला स्पष्ट का सांगितले नाही?

"कसं सांगू? ती गेली तेव्हा कोनाड्याचा दगडसुद्धा मीच निवडला. हा नुसता उभा होता, छत्री विसरलेल्या माणसासारखा. त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आता पहिल्यांदा मागतोय, तर त्याच्या तोंडावर नाही म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुमचं वेगळं. तुम्ही बायको. बायकोने नाही म्हटलं तर कुणी वाईट म्हणत नाही."

आठवडाभर ज्या नकाराला मी धार लावत होते, तोच ती माझ्याकडे पदर पसरून मागत होती. माझी तिन्ही वाक्ये जागच्या जागी निरुपयोगी झाली. आणि मग, अर्थातच, माझ्या मनात आले की हा डाव असावा. माझा स्वभाव ओरेस्तेने तिला सांगितला असणार. या बाईला जे सांगाल त्याच्या उलट ती करते. होकार हवा असेल तर नकार मागा. मी तिच्याकडे रोखून पाहिले. ती पोत्याच्या दोऱ्याशी चाळा करत होती आणि एकच गाठ सोडून सोडून पुन्हा बांधत होती. अभिनय असेल तर उत्तम होता. अभिनय नसेल, हे गृहीत धरणे मला अधिक अवघड गेले.

दुपारी जेवणानंतर ओरेस्तेने ठरल्याप्रमाणे समुद्राकडे तोंड करून विचारले. मी म्हटले, उद्या सांगते. तो म्हणाला, "उद्याच आहे ते." मी म्हटले, मला माहीत आहे.

सोमवार, २४ एप्रिल

स्मशान गावाच्या वर, ऑलिव्हच्या उतारावर आहे. मी येणार नाही असे ओरेस्तेने धरले होते. मी काळा कोट घालून गाडीत बसले. योलांदा पायी आली होती.

नीवेसचा कोनाडा खालून दुसऱ्या ओळीत. दगडावर तिचा छोटा अंडाकृती फोटो. मी तो टाळणार होते. टाळला नाही. रुंद कपाळ, बहिणीसारखीच हनुवटी, आणि फोटो काढणाऱ्याने काहीतरी मूर्खपणाचे बोलल्यासारखे ओठ. मला आवडली असती असे नाही. पण वर्गात ती पहिल्या बाकावर बसली असती, हे मी ओळखले.

कामगारांनी पडदा लावला आणि आम्हाला दूर उभे केले. बराच वेळ दगडाचा आवाज, मग लाकडाचा. स्मशानाचा माणूस पडद्यातून बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पेटी नव्हती. त्याने टोपी काढली.

"देहाच्या अजून अस्थी झालेल्या नाहीत," तो म्हणाला. "बंद कोनाड्यात होतं असं कधी कधी. आणखी वेळ लागेल तिला."

ओरेस्ते पायरीवर बसला. मग त्या माणसाने, बऱ्याच जणांना सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या शब्दांत, दोन वाटा सांगितल्या. एक, मातीत ठेवायचे. पाच वर्षांनी पुन्हा उघडायचे. दुसरी, दहन करायचे. मग आठवड्याभरात कलश कुठेही नेता येईल. नवरा आणि बहीण दोघांची संमती लागेल.

कलश पेटीपेक्षा लहान असतो. तो कुठेही मावतो. ओरेस्तेने हे मोजले असणार, कारण तो म्हणाला, "दहन केलं तर आपल्याबरोबरच..." आणि तिथेच थांबला. योलांदा भिंतीला टेकून उभी होती, तिने स्वतःवर क्रूस काढला. मग ओरेस्ते जमिनीकडे बघत म्हणाला:

"ती गॅस पेटवायलासुद्धा मला हाक मारायची. आगीला फार भ्यायची."

तीस वर्षांत जिवंत नीवेसविषयी मी त्याच्या तोंडून ऐकलेले हे पहिले वाक्य.

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. का, ते मला ठाऊक नाही. माझी संमती कोणीच मागितली नव्हती आणि कायद्याने तिला किंमतही नव्हती. परंतु दोन माणसे एकमेकांना दुखवायला घाबरत असली की निकाल तिसऱ्याने द्यावा लागतो, आणि निकाल देणे हे मी चाळीस वर्षे केले आहे.

'मातीत' असे म्हणणे मला फार सोपे होते, आणि म्हणूनच मी अडखळले. मातीत म्हणजे ती इथेच राहणार. म्हणजे माझे दोन कोनाडे, दोन माणसे, अबाधित. पाच वर्षांत काय काय होते. ओरेस्ते शहात्तरचा होईल, विषय आपोआप मिटेल, आणि मी जिंकेन, तेही दयाळू दिसून. हे सगळे त्या पायरीपाशी उभे असताना मला स्पष्ट दिसले. ओरेस्तेवर, योलांदावर महिनाभर जितका संशय घेतला, तितका घेण्यासारखे त्या क्षणी तिथे माझ्याखेरीज कुणीच नव्हते.

"मातीत," मी म्हटले. "आग नको. आणि पाच वर्षांनी तोरिनोला, आमच्या दफनघरात. पेटी न्यायला मी येईन."

योलांदाने श्वास सोडला. "पाच वर्षं," ती म्हणाली. मग माझा हात तिने दोन्ही हातांत धरला. आज तिच्या हातांना पीठ नव्हते, आणि ते मला वाटले होते त्यापेक्षा खूप लहान होते.

ओरेस्ते पायरीवरून उठला नव्हता. "आणि तोवर मी नसलो तर?"

"तर मी एकटी येऊन घेऊन जाईन. तू फक्त पाय जरा आखडून घे."

तो हसला, मग ते हसू त्याला आवरेना, मग ते हसू राहिले नाही. स्मशानाचा माणूस टोपी हातात धरून ऑलिव्हच्या झाडांकडे बघत उभा राहिला. मी ओरेस्तेच्या शेजारी पायरीवर बसले. दगड ओलसर होता. कोट धुलाईला द्यावा लागेल.

तिला मातीत ठेवले तेव्हा आम्ही तिघेही तिथे होतो. आराखड्याप्रमाणे त्या वेळी मी मठातल्या ग्रंथालयात असायला हवे होते.

मंगळवार, २५ एप्रिल

सकाळी चौकात गावचा बँड वाजला, महापौरांनी शहिदांच्या पाटीला पुष्पचक्र वाहिले आणि भाषणात दोन तारखा चुकवल्या. योलांदा आम्हाला निरोप द्यायला आली होती. दर रविवारच्या गप्पांत आता माझेही नाव येणार, असे तिने मला बजावले. काय सांगणार, असे मी विचारले. "सांगेन, उंच नाही."

परतीच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. सव्होना मागे पडल्यावर, डोंगर सुरू झाल्यावर, मी समोर बघत विचारले:

"कशी होती ती?"

ओरेस्तेने आधी गाडीचा वेग कमी केला, जो मुळातच फारसा नव्हता. मग बोलू लागला. ती बेसूर शिटी वाजवायची. गोदीतल्या मुकादमाशी एकदा नवऱ्याच्या रजेवरून भांडली आणि त्याची नोकरी जाता जाता वाचली. रविवारी मक्याच्या कण्यांचा पोलेंटा हमखास करपवायची आणि करपलेल्या भागासाठीच भांडायची. आजारपणात तिने भिंतीला पिवळा रंग द्यायला लावला, दवाखान्यासारखे पांढरे नको म्हणून. मोंदोवी गाव आले, गेले. तो बोलतच होता. लग्न त्याने एकदा वसंतात सांगितले आणि एकदा शरदात. मुकादमाचे नाव तीनदा बदलले. मी एकदाही दुरुस्त केले नाही.

घरी पोहोचलो तेव्हा अजून उजेड होता. तो आत झोपला आहे.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवते. त्या सगळ्या हकिकतीत नीवेसचा एक दोष आला की लगेच दुसरा येत होता, आणि तिच्यावर त्याचे प्रेम होते असे एकही वाक्य त्यात आले नाही. माझा दाट संशय आहे की माझ्याकडे बघून तो काहीतरी गाळत होता. उद्या कॉफी झाल्यावर मी त्याला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावणार आहे.